घसरण हातीं ठेवण्याची विद्या

मोटारगाडी वळणावर घसरली कीं पाहणाराच्या छातींत धस्स होतें; कारण घसरणें म्हणजे हातचें सुटणें, अशी आपली समजूत असते. परंतु घसरण मुद्दाम घडवून आणावी, आणि गाडी आडवी सरकत असतांहि तिला इच्छिल्या मार्गानेंच न्यावें, अशी एक विद्या आहे. तिला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. जपानांतील घाटरस्त्यांवर ती वाढली. केइची त्सुचिया या चालकामुळें ती पुष्कळ लोकांस ठाऊक झाली, आणि २००१ सालापासून तिचे ‘डी-वन ग्रां प्री’ नांवाचे सामने भरूं लागले. हीच विद्या रेडिओनें दुरून चालविण्याच्या, खऱ्या मोटारीच्या एकदशांश आकाराच्या गाडीवरहि शिकतां येते. अशा गाड्यांपैकीं पुष्कळ विजेवर चालतात. येथें आम्ही नायट्रो इंजिनाच्या गाडीचा विचार करणार आहों.

प्रथम इंजिनाचा स्वभाव ओळखला पाहिजे. त्याच्या सिलिंडराचें आकारमान अवघें २ ते ३ घन सेंटिमीटर असतें. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचें तेल यांचें मिश्रण हें त्याचें इंधन. त्यांत ठिणगी पाडणारा प्लग नसतो. प्लॅटिनमयुक्त तारेचें एक बारीक वेटोळें असतें. तें आरंभीं बॅटरीनें तापवितात. पुढें मिथेनॉल व प्लॅटिनम यांच्या संयोगानें आणि ज्वलनाच्या उष्णतेनें तें आपणच तप्त राहतें. वंगण इंधनांतूनच येत असल्यामुळें इंधन कमी केलें कीं तेलहि कमी पडतें. आम्हीं हें वाचलें होतें; तरी वेगाच्या लोभानें कार्ब्युरेटरची सुई प्रमाणाबाहेर आवळली. गाडी थोडा वेळ तीरासारखी धांवली, आणि मग इंजिन तापून जें अडकलें तें पुनः चाललेंच नाहीं. म्हणून नव्या इंजिनास पहिल्या कांहीं टाक्या सढळ इंधन देऊन सावकाश चालवावें. धूर किंचित् निळसर निघत राहिला म्हणजे समजावें कीं तेल पोंचत आहे.

आतां घसरण कशी होते तें पाहूं. टायर जमिनीला धरून असतो तोंवर घर्षण मोठें असतें. एकदां तो घसरूं लागला म्हणजे तें कमी होतें. तो लवकर घसरावा म्हणून या गाडीस मऊ रबराऐवजीं कठीण प्लास्टिकचे टायर घालतात. वळणाशीं येतांच चाकें आंत वळवून इंधनाचा चाप क्षणभर सैल करावा. त्यासरशी गाडीचा भार पुढल्या चाकांवर जातो व मागील भाग हलका होतो. लगेच चाप ओढला कीं मागचीं चाकें जागा सोडून बाहेर सरकतात. याच क्षणीं नवशिक्या चुकतो. तो पुढचीं चाकें वळणाच्या आंतच वळवून ठेवतो, आणि गाडी भोंवऱ्यासारखी गरकन् फिरते. वास्तविक तीं तत्काळ उलट वळवावयाचीं असतात. गाडीचें तोंड आंत, परंतु पुढचीं चाकें गाडी खरोखर जिकडे सरकत आहे तिकडे, हें सर्व विद्येचें मर्म आहे.

विजेची मोटर बोटाची आज्ञा तत्काळ ऐकते. नायट्रो इंजिनाची गति वाढावयास क्षणभर लागतो. मग क्लचचे तुकडे बाहेर फांकून पकड घेतात, आणि तेव्हां कोठें चाकांस जोर मिळतो. म्हणून गाडी काय करीत आहे हें पाहून नव्हे, तर ती काय करणार हें ओळखून बोट हलवावें लागतें. घसरण चालूं असतां चाप पुरता सोडूं नये. मध्यावर तोलून धरावा.

अभ्यासाकरितां मोकळ्या डांबरी पटांगणावर एक रिकामा डबा ठेवून त्याभोंवतीं वर्तुळें घ्यावीं. डावीकडून जमलें कीं उजवीकडून. नंतर दोन डबे ठेवून इंग्रजी आठाच्या आकारानें फिरावें. येथें नवी अडचण उभी राहते. गाडी आपल्याकडे तोंड करून येते तेव्हां तिचें उजवें तें आपलें डावें होतें. त्यावर उपाय एकच: मनानें गाडींत बसावें. आम्हांस पहिलें अखंड वर्तुळ साधावयास तीन रविवार लागले.

पालकांस दोन शब्द सांगणें अवश्य आहे. मिथेनॉल हें विष आहे. तें पोटांत गेल्यास दृष्टि जाते, प्राणहि जातो. त्याची ज्योत दिवसाउजेडीं जवळजवळ दिसत नाहीं. म्हणून इंधनाचा डबा कुलपांत असावा, व टाकी वडील माणसानेंच भरावी. बंद खोलींत इंजिन चालवूं नये. वाहत्या रस्त्यावर गाडी नेऊं नये. आरंभीं हातांतील प्रेषक यंत्र सुरू करावें, मग गाडींतील ग्राहक यंत्र. शेवटीं प्रथम इंजिन, मग ग्राहक आणि सर्वांत मागून प्रेषक बंद करावा; नाहीं तर गाडी बेबंद धांवण्याचा संभव असतो.

आमचें इंजिन बिघडलें तेव्हां आम्हांस गाडीचा राग आला होता. आतां कळतें कीं त्या दिवशीं गाडी सुटली नव्हती. आमच्या लोभाचा लगाम सुटला होता. पुढें वर्तुळ साधलें तें चाप अधिक ओढून नव्हे, तर किती ओढूं नये हें बोटास कळल्यावर. विद्यार्थिमित्रांनो, जी घसरण आपण बोलावितों व आंवरतों तिला विद्या म्हणावें. जी आपणांस ओढून नेते ती नुसती घसरण.