फॅमिकॉमच्या निळ्या आकाशातले गज

जुना, लाल-पांढरा फॅमिकॉम जपानमधून मागवणं आज फारसं अवघड नाही. त्यातून आपल्या टीव्हीवर चित्र आणणं हे खरं काम. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी हे यंत्र १४,८०० येनला विक्रीला आणलं. तेव्हाच्या घरगुती टीव्हीला अँटेनाखेरीज दुसरं तोंड क्वचितच असे, त्यामुळे यंत्राच्या पाठीवरही एकच वाट ठेवली गेली : आरएफ. आतली पत्र्याची डबी चित्र आणि आवाज एकत्र करते आणि जपानी टीव्हीच्या १ किंवा २ क्रमांकाच्या चॅनेलवर पाठवते.

ही दोन चॅनेलं ९१.२५ आणि ९७.२५ मेगाहर्ट्झवर होती. जपानात एफएम रेडिओ ९० मेगाहर्ट्झला संपत असे, म्हणून वरची जागा टीव्हीला मिळाली. आपल्याकडे ८८ ते १०८ हा सगळा पट्टा एफएमचा. एखाद्या टीव्हीने खटपट करून ते चॅनेल पकडलंच, तरी जपानी पद्धतीत आवाज चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झ दूर असतो आणि आपला टीव्ही तो ५.५ वर शोधतो. रंगाचं तेच. जपानच्या एनटीएससी पद्धतीचा रंग ३.५८ मेगाहर्ट्झवर, आपल्या पॅलचा ४.४३ वर. फक्त पॅल जाणणाऱ्या जुन्या संचावर मारिओ उड्या मारतो, पण मुका आणि काळा-पांढरा, वर मुंग्यांचा पाऊस. खुद्द जपाननेही २०११-१२ मध्ये अॅनालॉग प्रक्षेपण बंद केलं. आरएफच्या वाटेने जाण्यात आता कुणाचंच हित नाही.

म्हणून फॅमिकॉम उघडतात आणि त्याच्या आतून थेट कॉम्पोझिट चित्र बाहेर काढतात. पिवळी पिन लावण्याजोगं.

त्याआधी एक सांगायलाच हवं. मूळ अॅडाप्टर जपानच्या १०० व्होल्टसाठी आहे. आपल्या २३० व्होल्टवर तो लावू नये. तो १० व्होल्ट डीसी, ८५० मिलीअँपिअर देतो आणि त्याच्या पिनच्या मधोमध ऋण टोक आहे, जे बाजारातल्या बहुतेक अॅडाप्टरच्या उलटं असतं. इथला अॅडाप्टर निवडताना व्होल्टइतकंच हे टोक तपासा.

फॅमिकॉमचं चित्र एकाच आयसीत जन्माला येतं. मासायुकी उएमुरा यांच्या पथकाने हे यंत्र घडवलं आणि आयसी रिकोने बनवली. तिचं नाव आरपी २सी०२, पिना चाळीस. या आयसीत लाल, हिरवा, निळा असे वेगळे रंग कुठेच नाहीत. रंगचक्राचे बारा भाग करून त्यातला हवा तो टप्पा ती थेट लहरीत उतरवते आणि तयार कॉम्पोझिट २१ नंबरच्या पिनेवर आणून सोडते. खर्च वाचवण्यासाठी केलेली ही रचना मला आजही विलक्षण वाटते. पुढचे बरेच दोषही तिच्यातूनच निघतात.

२१ नंबरच्या पिनेला सरळ तार जोडून भागत नाही. टीव्हीचं तोंड ७५ ओहमचं. तेवढा भार ओढण्याची ताकद आयसीत नाही, त्यामुळे चित्र फिकं आणि मरगळलेलं येतं. मध्ये एक पीएनपी ट्रान्झिस्टर बसवावा लागतो. तो व्होल्टेज वाढवत नाही, फक्त करंटचा भार स्वतःवर घेतो. जपानी मंडळी इथे २एसए१०१५ वापरतात, अमेरिकेतली २एन३९०६. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात सहज मिळणारा बीसी५५७ हे काम तितकंच चोख करतो. अट एवढीच की पिना ओळखून लावावा. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर २एन३९०६ च्या पिना डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर अशा येतात; बीसी५५७ च्या कलेक्टर, बेस, एमिटर; आणि २एसए१०१५ चा बेस तर शेवटच्या टोकाला. जोडणीचा अमेरिकी नकाशा पाहून भारतीय भाग जसाच्या तसा बसवला की पडदा काळा राहतो आणि माणूस उगाच आयसी मेली म्हणून हळहळतो.

ट्रान्झिस्टरनंतरचा कंडेन्सर लोक हाताला लागेल तो घालतात. नकाशात २२० मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं त्याला कारण आहे. टीव्हीचा ७५ आणि मधल्या वाटेतला तेवढाच रेझिस्टन्स धरला, तर २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर साधारण ५ हर्ट्झच्या वरचं सगळं पुढे जाऊ देतो. त्याजागी १० मायक्रोफॅरडचा घातला की ही सीमा शंभर हर्ट्झच्या वर जाते. चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं, म्हणजे ते त्या सीमेच्या खाली सापडतं. मग पडद्याचा वरचा भाग उजळ आणि खालचा मळका दिसतो, आणि पांढरंशुभ्र दृश्य आलं की चित्र थरथरतं. असं दिसलं तर बाकी काही न उकरता आधी कंडेन्सर पाहावा.

मला या कामाबद्दल मुख्यतः हेच सांगायचं आहे. सोल्डरिंग गन तापवण्याआधी चित्र वाचायला शिकावं. दोषाचा आकारच त्याचा पत्ता सांगतो. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम, पण नसला तरी समोरचा टीव्ही त्याच लहरीचा आलेख काढत असतो.

जेलबारचंच पाहा. फॅमिकॉम पिवळ्या पिनेवर आणणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्यांच्यापुढे येतो. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चं निळं आकाश त्यांची उत्तम कसोटी : त्या सपाट निळाईत उभ्या, फिकट, सारख्या अंतरावरच्या पट्ट्या दिसतात, खिडकीच्या गजांसारख्या. पट्ट्या उभ्या का आणि जागेवर स्थिर का, याचं उत्तर आयसीच्या तालात आहे. पडद्यावरची प्रत्येक ओळ ती ३४१ ठोक्यांत पूर्ण करते आणि त्यात दर आठ ठोक्यांना पुढच्या चौकटीची माहिती मेमरीतून ओढते. त्या वेळी पत्त्याच्या आणि डेटाच्या पिना धडाधड चालू-बंद होतात. त्यांचा गोंगाट शेजारच्या चित्राच्या वाटेत झिरपतो. प्रत्येक ओळीत तो त्याच ठिकाणी येतो, म्हणून ओळीखाली ओळ रचली जाऊन त्याची पट्टी होते.

यावरून कसोटी मिळते. पट्ट्या अजिबात हलत नसतील, तर गोंगाट यंत्राच्या आतला आहे, घड्याळाशी बांधलेला. आडवा, वरखाली सरकणारा पट्टा दिसत असेल, तर तो विजेचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची आणि फॅमिकॉमचं चित्र ६०.१ च्या आसपासचं, त्यामुळे दोघांचा मेळ बसत नाही आणि पट्टा पळत राहतो. पहिल्या दोषासाठी अॅडाप्टर बदलण्यात किंवा दुसऱ्यासाठी आयसीभोवती उकरण्यात अर्थ नाही.

जेलबार कमी करायचे तर २१ नंबरच्या पिनेला मूळ बोर्डापासून तोडावं लागतं. तिथून आरएफ डबीकडे जाणारा ट्रॅक डेटाच्या ट्रॅकांजवळून लांबवर जातो आणि वाटेत सगळा गोंगाट गोळा करतो. काही जण आयसीची पिनच वर उचलतात. मी त्याच्या विरोधात आहे. चाळीस वर्षांच्या पिना ठिसूळ असतात. ट्रॅक कापला तर तारेच्या तुकड्याने पुन्हा जोडता येतो. मुळापासून मोडलेली पिन परत येत नाही, आणि ही आयसी आता कुणी बनवत नाही. ट्रान्झिस्टर पिनेच्या अगदी जवळ ठेवावा, ग्राउंड शेजारच्याच २० नंबरवरून घ्यावं, २० आणि ४० नंबरच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर द्यावा आणि बाहेर नेणारी तार जाळीच्या आवरणाची वापरावी. पट्ट्या पुष्कळ फिक्या होतात. काही बोर्डांत त्या पूर्णपणे जात नाहीत, आणि तेवढं मान्य करावं. सॉकेटसाठी प्लॅस्टिकला भोक पाडण्याचीही गरज नसते. आरएफचं तोंड निघालं की तिथे जागा मिळते.

रंगांच्या कडेला मुंग्यांसारखे चालणारे ठिपके दिसतात, त्यांच्या मागे मात्र लागू नये. या आयसीत एक पिक्सेल रंगाच्या एका फेऱ्याच्या दोन तृतीयांश एवढाच टिकतो, त्यामुळे रंग आणि ओळ कधी नेमके जुळतच नाहीत. तो तिचा स्वभाव आहे. त्यातून सुटायचं तर आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगळे देणारं चित्र हवं. पूर्वी त्यासाठी निन्टेन्डोच्याच प्लेचॉइस-१० या आर्केड यंत्रातली २सी०३ आयसी काढून फॅमिकॉममध्ये घालत. एक जुनं यंत्र जगवायला दुसरं मोडायचं, शिवाय काही खेळांचे रंगही बदलायचे. हा सौदा मला कधीच पटला नाही. आता मूळ आयसीच्या जोडीने चालणारे वेगळे बोर्ड मिळतात, ही समाधानाची गोष्ट.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले टीव्ही व्हिडिओ गेम हे याच यंत्राचे नकली भाऊ. ६० पिनांची तीच कॅसेट, त्यामुळे माळ्यावरची जुनी कॅसेट जपानी फॅमिकॉममध्ये घालून पाहता येते. ज्या नकलांत ५० हर्ट्झची आयसी होती, त्यांत खेळ एक षष्ठांश सावकाश चाले. अशा संचावर वाढलेल्या माणसाला मूळ फॅमिकॉमवरचा मारिओ भलताच घाईत दिसतो, संगीतही भरभर चालल्यासारखं वाटतं. हा दोष समजून कुणी क्रिस्टल बदलायला जाऊ नये. रंगाचा ३.५८ मेगाहर्ट्झही त्याच २१.४७७ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला सहाने भागून मिळतो. तो बदलला की वेगाबरोबर रंगही जातो.

सगळं नीट जुळूनही नव्या सपाट टीव्हीवर चित्र गढूळ दिसलं, तर दोष बहुधा टीव्हीचा असतो. फॅमिकॉम एका चित्रात २६२ ओळी पाठवतो, त्यातल्या २४० चित्राच्या, आणि त्या दर वेळी त्याच जागी पडतात. अनेक नवे टीव्ही त्यांना प्रक्षेपणातल्या अर्ध्या-अर्ध्या चित्रांची जोडी समजून एकमेकांत गुंफतात. मग खेळात मार बसल्यावर लुकलुकणारा गडी कधी पूर्ण गायब होतो, कधी कंगव्यासारखा फाटतो. अशा वेळी यंत्र पुन्हा उघडू नये. शक्य असेल तर तेच यंत्र काचेच्या जुन्या टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला लावून पाहावं. तो टीव्ही एनटीएससी घेणारा असला आणि तिथे चित्र स्वच्छ आलं, तर बोर्डावरचं काम बरोबर आहे. सपाट टीव्हीसाठी मग मध्ये २४० ओळी ओळखणारा कन्व्हर्टर घ्यावा.