कप्तानाच्या घरचीं पत्रें

समुद्रावर गेलेल्या माणसाचें घर पत्रांच्या आधारावर दिवस काढीत असतें. एकोणिसाव्या शतकांत बहुतेक काळ बिनतारी संदेश नव्हता. एकदां बंदर सुटलें कीं पुढचें बंदर लागेपर्यंत जहाज आणि घर यांचा संबंध पार तुटत असे. म्हणून त्या काळच्या कप्तानांचीं घरगुती पत्रें हीं केवळ क्षेमकुशलाचीं पत्रें राहत नाहींत. प्रसंगीं तीं मोठ्या मोलाची साक्ष ठरतात. ‘मेरी सेलेस्ट’ या जहाजाचा कप्तान बेंजामिन ब्रिग्ज याच्या कुटुंबांतील १८७२ सालचीं दोन पत्रें हें त्याचें उत्तम उदाहरण होय.

ब्रिग्ज हा अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांतल्या मॅरियन गांवचा. बाप कप्तान होता आणि भावांपैकींहि बहुतेकांनीं समुद्राचाच धंदा पत्करला होता. सदतीस वर्षांचा हा गृहस्थ देवभीरु होता व दारूला शिवत नसे. जहाजाच्या चोवीस हिश्शांपैकीं आठ हिस्से त्याचे स्वतःचे होते. मद्यार्काचीं १,७०१ पिंपें भरून तें जहाज न्यूयॉर्कहून इटलींतील जिनोआ बंदरीं जावयाचें होतें. त्याच्याबरोबर सात खलाशी, पत्नी सारा आणि दोन वर्षांची कन्या सोफिया एवढीं माणसें होतीं. सात वर्षांचा मुलगा आर्थर मात्र शाळेसाठीं आजीपाशीं ठेवला होता.

पहिलें पत्र ब्रिग्जनें ३ नोव्हेंबर रोजीं आपल्या आईस लिहिलें. त्यांत थोरपणाचा आव नाहीं. जहाज भरण्याच्या कामांत कांहीं दिवस फार त्रासाचे गेले. परंतु सारा व मुलगी आल्यापासून जहाजावरची लहानशी खोली घरासारखी वाटूं लागली, असें तो कळवितो. जहाज उत्तम स्थितींत आहे आणि प्रवास सुखाचा होईल अशी त्यास आशा आहे. तथापि या जहाजावर आपण पूर्वीं कधीं गेलों नाहीं, तेव्हां तें कसें चालेल हें सांगतां येत नाहीं, अशी प्रांजळ कबुलीहि तो देतो. पुढील पत्र जिनोआ येथील अमेरिकन वकिलाच्या पत्त्यावर धाडावें, हें सांगण्यासहि तो विसरत नाहीं. घरच्या माणसांस जहाजाचा मार्ग ठाऊक असे. त्यावरून दिवसांचा अदमास करून तीं पुढच्या बंदरीं पत्र पाठवीत, आणि जहाज लागलें कीं कप्तान तें घेई.

दुसरें पत्र सारानें सासूबाईंस ७ नोव्हेंबर रोजीं लिहिलें. जहाज ५ तारखेस धक्क्यावरून निघालें होतें. पण समोरून जोराचा वारा असल्यामुळें नांगर टाकून थांबावें लागलें. आतां वारा मंद पण अनुकूल झाला, म्हणून पुन्हां निघालों, असें ती लिहिते. खलाशी शांत स्वभावाचे दिसतात, पुढेंहि असेच राहिले म्हणजे झालें, असें पतीचें मत ती नमूद करते. आर्थरच्या पत्रांवर आपली सारी भिस्त आहे व प्रवासांत त्याला आवडेल असें जें जें घडेल तें आपण लक्षांत ठेवूं, असा निरोपहि तिनें धाडला. बंदराबाहेर जहाज काढून देणारा अरकाटी परत फिरला, त्याच्याबरोबर हें पत्र किनाऱ्यावर आलें. त्यानंतर या कुटुंबाकडून एक अक्षरहि आलें नाहीं.

डिसेंबरच्या प्रारंभीं अझोर्स बेटें व पोर्तुगाल यांच्या दरम्यान ‘देइ ग्राशिया’ या जहाजाला ‘मेरी सेलेस्ट’ आढळलें. कांहीं शिडें उभारलेलीं, माल जवळजवळ जसाच्या तसा, अन्नपाणी भरपूर. पण माणूस एकहि नाहीं. होडी, कालमापक घड्याळ व कोनमापक यंत्र हींहि नव्हतीं. जहाजावरील पाटीवर शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची, सांता मारिया बेटाजवळची होती.

जिब्राल्टर येथील चौकशींत सरकारी वकील सॉली-फ्लड यांनीं खुनाचा संशय घेतला. परंतु तरवारीवरील डाग रक्ताचे नाहींत असें तपासणीत ठरलें, आणि १८७३ सालीं जहाज सोडवून आणणारांस १,७०० पौंडांचें बक्षीस मिळालें. संशयाची हवा मात्र विरली नाहीं. पुढें १८८४ सालीं कॉनन डॉईल यांनीं या प्रसंगावर एक कल्पित कथा लिहिली, आणि कल्पितालाच लोक इतिहास समजूं लागले. टेबलावर वाफाळलेला चहा होता, इत्यादि गोष्टी त्या चौकशींत कोठेंहि सिद्ध झालेल्या नाहींत.

येथें त्या दोन पत्रांचें महत्त्व ध्यानांत येतें. न्यायालयापुढील जबानींत माणूस स्वतःस सांभाळून बोलतो. आईस किंवा सासूस लिहितांना त्याला कोणास पटवावयाचें नसतें. त्यांत भांडण नाहीं, धास्ती नाहीं, घातपाताची चाहूल नाहीं. अर्थात् पुढील अठरा दिवसांत व नंतर काय झालें हें तीं सांगूं शकत नाहींत. मद्यार्काच्या वाफेनें स्फोट होईल, किंवा जहाजांत पाणी फार भरलें आहे, असें वाटून कप्तानानें सर्वांस होडींत उतरविलें असावें आणि होडी जहाजापासून तुटली असावी, असा अनेक जाणत्यांचा तर्क आहे. तो तर्कच होय. परंतु ब्रिग्जच्या जहाजावर आधींपासूनच कलह माजला होता, या म्हणण्यास त्या पत्रांत मुळींच आधार सांपडत नाहीं.

त्याच हिवाळ्यांत ब्रिग्जचा भाऊ ऑलिव्हर याचेंहि जहाज बिस्केच्या उपसागरांत बुडालें आणि तोहि परत आला नाहीं. एका म्हाताऱ्या आईचे दोन पुत्र समुद्रानें नेले. तिच्यापाशीं उरला तो नातू आर्थर, आणि त्याच्यासाठीं गमती लक्षांत ठेवूं म्हणून आईनें दिलेलें एक वचन. जगाला त्या जहाजाचें कोडें आठवतें. त्या घरानें मात्र हीं दोन पत्रें जपून ठेवलीं, म्हणूनच त्या माणसांची खरी ओळख आज उरली आहे.