‘बिअर आंबली’ या वाक्याचे दोन अर्थ

बीड जिल्ह्यातील चौसाळ्यासारख्या ज्वारीच्या मुलखात आंबील परिचित आहे. ज्वारीचे पीठ ताकात कालवून रात्रभर आंबवावयाचे व मग शिजवावयाचे, हा तिचा क्रम होय. बिअरचा क्रम नेमका उलटा. मोड आणून वाळविलेल्या जवाचा भरडा सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात भिजवून गोड अर्क काढतात. तो हॉपसह उकळतात, निववितात आणि नंतर त्यात यीस्ट घालतात.

नॉर्वे व फिनलंडमधील काही घरगुती बिअरींत मात्र अर्क उकळीतच नाहीत. त्यामुळे अर्कातील प्रथिने टिकून पेय दाट होते. परंतु दुग्धाम्ल निर्माण करणारे जंतू उरण्याचा संभव असल्याने ते लवकर आंबट होते.

येथेच मराठी शब्द अडतो. ‘आंबणे’चे मूळ संस्कृत ‘अम्ल’, प्राकृत ‘अंबिल’, अर्थ आंबट. आंबिलीस तो चपखल बसतो. बिअरीत मात्र शर्करेपासून मद्यार्क व कर्बवायू होणे ही सिद्धी, तर आंबटपणा हा बहुधा बिघाड. ‘बिअर आंबली’ म्हणजे ती तयार झाली की नासली?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्यबीजास ‘किण्व’ ही स्वतंत्र संज्ञा असून, त्यासाठी उडदाचा लगदा कच्चा वा शिजविलेला, दोन्ही चालतो. तेव्हा पहिल्या क्रियेस ‘मद्यकिण्वन’ म्हणावे व ‘आंबणे’ दुसरीसाठी राखावे, हे उचित होय.