पायोरिया आणि घरची माणसे

पायोरिया हा दातांचा नव्हे, तर दातांना धरून ठेवणाऱ्या हिरड्यांचा आणि हाडाचा आजार आहे. घासलेल्या दातांवर काही तासांतच जिवाणूंचा चिकट थर पुन्हा बसू लागतो. तो तसाच राहिला तर लाळेतले क्षार साचून त्याचा टणक टार्टर बनतो आणि मग तो ब्रशने निघत नाही. हिरडी लाल होते, सुजते, घासताना रक्त येते. डेन्मार्कमधील आरहूस येथे हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे बंद ठेवले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात पूर्ववत झाल्या. या टप्प्यापर्यंत आजार पूर्ण बरा होतो. पुढे मात्र हिरडी दातापासून सुटते, मध्ये पोकळी तयार होते आणि खालचे हाड झिजते. निरोगी हिरडीची खाच १ ते ३ मिलिमीटर असते. पायोरियात ती ५-६ मिलिमीटर किंवा त्याहून खोल जाते. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही.

म्हणूनच या आजारात एकदा उपचार करून भागत नाही. दंतवैद्य मुळांपर्यंत सफाई करतात, गरज पडल्यास शस्त्रक्रिया करतात. पण खोल पोकळीत उपद्रवी जिवाणू दोन-तीन महिन्यांत पुन्हा जम बसवू शकतात. त्यामुळे बहुतेक रुग्णांना दर तीन ते चार महिन्यांनी तपासणी आणि सफाईसाठी बोलावले जाते. स्वीडनमध्ये पेर अ‍ॅक्सेलसन यांनी १९७२पासून ३० वर्षे नियमित देखभालीत ठेवलेल्या लोकांचे दात वयोगटानुसार सरासरी ०.४ ते १.८ इतकेच गेले. देखभाल टिकली तर काय होते, ते यातून दिसते. ती सहसा टिकत नाही, ही दुसरी बाजू. अमेरिकेतील एका खासगी दवाखान्यातल्या ९६१ रुग्णांचा आठ वर्षांचा आढावा १९८४ साली प्रसिद्ध झाला. सांगितल्याप्रमाणे सर्व भेटींना येणारे १६ टक्के होते, तर ३४ टक्के रुग्ण देखभालीसाठी एकदाही फिरकले नाहीत.

याचे मुख्य कारण आळस नाही. हा आजार दुखत नाही. दाढ ठणकली की माणूस रात्रीतून दवाखाना शोधतो. हिरडीतून थोडे रक्त आले तर चूळ भरून कामाला लागतो. तंबाखू ओढणाऱ्याला तर तेवढीही सूचना मिळत नाही, कारण निकोटीनमुळे हिरडीचा रक्तपुरवठा आकसतो आणि रक्त येणे झाकले जाते. शिवाय तालुक्याच्या गावी जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे वेगळे.

घरातल्या माणसांचा प्रभाव इथे पडतो, आणि तो दर वेळी चांगलाच असतो असे नाही. ‘दात साफ करून घेतले की हलायला लागतात’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत कोणीतरी वडीलधारे माणूस ठामपणे सांगते. त्यामागे खरे निरीक्षण आहे, फक्त निष्कर्ष चुकीचा. हाड आधीच झिजलेले असते. टार्टरच्या थराने दात जखडल्यासारखे असतात. तो थर निघतो, सूज उतरते आणि लपलेल्या फटी उघड्या पडतात. थंड पाणी काही दिवस झिणझिणते. रुग्णाला वाटते, बिघडले. सासूबाईंना वाटते, मी म्हटलेच होते. पुढची भेट तिथेच रद्द होते. म्हणून पहिल्या सफाईच्या वेळी घरातले एक निर्णय घेणारे माणूस बरोबर असणे फार उपयोगाचे ठरते. पोकळीची मापे आणि एक्स-रेमधले झिजलेले हाड त्याने स्वतः पाहिले, तर रुग्णाला घरी वकिली करत बसावी लागत नाही. रक्त येते म्हणून घासणे बंद करायचे नसते, हेही दोघांच्या कानावर एकदमच पडते.

मिश्रीचा प्रश्न याहून अवघड आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड अनेक घरांत बायका दिवसातून दोन-चारदा हिरड्यांना लावतात, आणि आईच्या डबीतूनच ती लेकीकडे येते. घरात डबी तशीच असताना एकीनेच सोडावी ही अपेक्षा फारशी वास्तववादी नाही.

उपदेशापेक्षा सोय जास्त काम करते. रात्रीचे घासणे सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच सर्वांत जास्त चुकते. विशेषतः ज्या बाईला ओटा आवरेपर्यंत अकरा वाजतात तिचे. कोणी ओटा आवरला तर ती पाच मिनिटे मिळतात. दातांच्या फटींत फिरवायचे छोटे ब्रश महिन्याच्या सामानाच्या यादीत आले तर संपले म्हणून राहत नाहीत. मधुमेही माणसाची हिरड्यांची भेट साखरेच्या तपासणीला जोडून घेता येते. दोन्ही आजार एकमेकांना बिघडवतात, आणि हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी या साखरेच्या तपासणीचा आकडा सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरल्याचे अभ्यासांत आढळले आहे. रोज ‘घासलेस का?’ विचारण्याने मात्र मोठी माणसे हटकून चिडतात आणि खोटे सांगू लागतात.

संधिवात, कंपवात किंवा विस्मरण असलेल्या वृद्धांच्या बाबतीत आठवण पुरत नाही, हात लावावा लागतो. ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला की बोटांत धरता येतो. बॅटरीवरचा ब्रशही सोपा पडतो. दुसऱ्याचे दात घासताना त्याला खुर्चीत बसवून मागून उभे राहावे, म्हणजे डोके स्थिर राहते आणि आतल्या दाढा दिसतात. ब्रशचे केस हिरडीच्या कडेला तिरके टेकवून हलकेच फिरवावेत.

काही वेळा रुग्णाला सोबत करणाऱ्या नातेवाइकालाच तपासणीची गरज असते. ऐन तारुण्यात पुढचे दात आणि पहिल्या दाढा हलू लागणारा पायोरियाचा एक प्रकार एकाच कुटुंबात अनेकांना होताना दिसतो. असा रुग्ण आढळला की दंतवैद्य त्याच्या सख्ख्या भावंडांनाही बोलावून त्यांच्या हिरड्या मोजतात, त्यांचे दात अजून घट्ट असले तरी.