रक्त कोणाचे तपासायचे?

परदेशी नोकरीला निघालेल्या शिक्षकाला पदवी, अनुभव आणि पोलिसांचा दाखला यांबरोबर आणखी एक कागद द्यावा लागतो. तो म्हणजे शरीराचा दाखला. मुलांत वावरणारा माणूस निरोगी असावा, यावर कोणी वाद घालणार नाही. परंतु अशा नियमाकडे पाहताना काय तपासले जाते एवढेच विचारून भागत नाही. कोणाला वगळले जाते, हेही विचारावे लागते. नियमाचा हेतू पुष्कळदा सवलतीत सापडतो. दक्षिण कोरियाचे प्रकरण या दृष्टीने आपण नीट समजून घेण्यासारखे आहे.

कोरियात इंग्रजी शिकवायला येणाऱ्या विदेशी शिक्षकांना ई-२ नावाचा व्हिसा मिळतो. २००७ साली बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या संशयावरून एका विदेशी माणसाला थायलंडमध्ये अटक झाली. तो पूर्वी कोरियात शिक्षक होता. वर्तमानपत्रांतून गहजब झाला आणि त्याच वर्षी सरकारने या शिक्षकांवर एचआयव्ही व अमली पदार्थांची चाचणी लादली. गुन्हा एकाचा, संशय साऱ्यांवर! शिवाय मुलांवर अत्याचार करणारा माणूस एचआयव्हीच्या चाचणीतून कसा ओळखायचा, याचे उत्तर कोणत्याही वैद्यकशास्त्रात नाही. एचआयव्ही खडूतून पसरत नाही, वहीतून नाही, एका बाकावर बसल्याने नाही. वर्गात शिकवण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

आता सवलत पाहा. कोरियन शिक्षकांना ही चाचणी नव्हती. एवढ्यावर कोणी म्हणेल, नागरिक आणि परका असा भेद प्रत्येक राष्ट्र करते. पण विदेशी नागरिकत्व असलेल्या, मात्र कोरियन वंशाच्या शिक्षकांनाही ती नव्हती. म्हणजे पासपोर्टचा प्रश्नच उरला नाही. रक्त कोणाचे तपासायचे, हे रक्ताच्या नात्यावरूनच ठरले!

न्यूझीलंडची एक शिक्षिका उल्सान शहरात शिकवत होती. तिने पहिल्या वर्षी चाचणी दिली. २००९ साली करार वाढवताना पुन्हा चाचणी मागितली, तेव्हा तिने नकार दिला आणि नोकरी गेली. पुढे लवादासमोर शिक्षण कार्यालयाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले की, विदेशी शिक्षकांची मूल्ये आणि नीतिमत्ता पारखण्याचे साधन म्हणून या चाचणीकडे पाहिले जाते. कारण कधीकधी असे सरळ बाहेर पडते. आरोग्य हे नाव होते. पारख चारित्र्याची होती, आणि तीही जन्मावरून संशयित ठरवलेल्यांची. स्वच्छतेच्या नावाने माणूस दूर ठेवण्याची ही रीत आपल्या वाचकांना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

तिने संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभाव निर्मूलन समितीकडे दाद मागितली. मे २०१५ मध्ये समितीने निर्णय दिला: ही सक्ती सार्वजनिक आरोग्याच्या कारणाने समर्थनीय ठरत नाही, वांशिक मूळ पाहून ती केली जाते आणि तिने कामाच्या हक्काचा भंग होतो. २०१७ साली कोरियाने या शिक्षकांची एचआयव्ही चाचणी रद्द केली. २०१९ साली सोलच्या न्यायालयाने तिला सरकारकडून भरपाई देवविली.

याचा अर्थ सर्वच तपासणी अन्याय्य असा नाही. फुफ्फुसाचा क्षय अंगात सक्रिय असेल तर तो हवेतून पसरतो. तेथे तपासणी हवी, उपचार हवेत आणि बरे झाल्यावर काम परत मिळायला हवे. आखाती देशांकडे निघालेल्या आपल्या शिक्षकांचा अनुभव मात्र वेगळा. नेमून दिलेल्या केंद्रात छातीचा एक्स-रे निघतो आणि पूर्वी बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण दिसला तरी ‘अनफिट’चा शिक्का बसू शकतो. बरा झालेला क्षय कोणाला लागत नाही. परंतु तो व्रण कोणाच्या छातीवर अधिक सापडणार? एका खोलीत आठ-दहा माणसे राहिलेल्यांच्या, कोंदट झोपडपट्टीत वाढलेल्यांच्या. गरिबीने दिलेला डाग गरिबीतून बाहेर पडण्याच्या वाटेवर आडवा येतो. भारतात २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरीची अट म्हणून एचआयव्ही चाचणी मागणे हा भेदभाव मानला आहे. तो कायदा परक्या देशाच्या व्हिसापुढे थिटा पडतो.

मग आपला शिक्षक त्या समितीकडे जाऊ शकतो का? ज्या करारावर ती समिती उभी आहे, त्यात १९६५ साली वंश, वर्ण यांच्या जोडीला ‘जन्मकुळ’ हा आधार भारताच्याच सूचनेवरून आला. भारताने १९६८ साली करार मान्य केला आणि पुढे जात त्यात येत नाही अशी भूमिका घेतली. २००२ साली समितीने जात त्यात येते असे स्पष्ट केले. पण व्यक्तीची तक्रार समितीने ऐकावी, यासाठी चौदाव्या कलमाखाली राष्ट्राने वेगळी संमती द्यावी लागते. कोरियाने ती १९९७ साली दिली, म्हणून उल्सानची शिक्षिका जिनिव्हापर्यंत पोहोचली. भारताने ती दिलेली नाही.