सरड्यांचा शेजार

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत घराच्या आसपास सरडेकुळातील निदान चार प्राणी नांदतात. पाल रात्री भिंतीवर येऊन दिव्याभोवतीचे किडे टिपते. सरडा दिवसा कुंपणावर ऊन खात बसतो. सापसुरळी पालापाचोळ्यातून सरपटते आणि घोरपड बाहेरच्या माळावर, बिळांच्या आश्रयाने राहते. वरवर पाहणाऱ्यास हा सलोखा वाटतो. वस्तुतः ही वाटणी होय. जागा, वेळ आणि भक्ष्य ही वाटून घेतल्यामुळे त्यांची गाठ क्वचितच पडते. पडली तर मोठा सरडा लहान पालीस गिळावयास मागेपुढे पाहत नाही.

काचेच्या पेटीत ही वाटणीच नाहीशी होते. हल्ली शहरांतील हौशी लोक परदेशी जातींचे सरडे पाळतात आणि दोन-तीन जाती एकाच पेटीत ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. हा मोह त्या मुक्या प्राण्यांच्या जिवावर बेततो.

पहिली अडचण उष्णतेची. सरडा आपल्या शरीराची ऊब स्वतः निर्माण करीत नाही; ती त्यास बाहेरून घ्यावी लागते. पुरेशी ऊब नसेल तर पोटातील अन्नही पचत नाही. ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशातील ‘बिअर्डेड ड्रॅगन’ या दाढीवाल्या सरड्यास ऊन खाण्याच्या जागी सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमान लागते. उलट न्यू कॅलेडोनिया बेटावरील ‘क्रेस्टेड गेको’ ही तुरेवाली पाल २८ अंशांच्या वर गेल्यास कासावीस होते. एकास कोरडी हवा व दिवसाचा प्रखर प्रकाश हवा, तर दुसरीस दमट हवा व रात्र. दोघांसाठी मधले तापमान ठेवावे, तर ते दोघांनाही बाधते.

दुसरी अडचण वर्तनाची. उबदार दगडावर एक सरडा दुसऱ्याच्या पाठीवर बसलेला दिसला, की पाळणाऱ्यास ते प्रेमाचे लक्षण वाटते. पुष्कळदा बलवान प्राणी ऊब आणि प्रकाश बळकावीत असतो. दुर्बळ प्राणी आडोशाला राहतो, कमी खातो आणि आवाज न करता खंगत जातो. भांडण दिसत नाही, म्हणून भांडण नाही, असे समजणे चुकीचे ठरते.

तिसरी अडचण रोगाची. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म परजीवी सरड्यांच्या आतड्यांत वाढतो आणि विष्ठेवाटे पसरतो. नेहमीच्या जंतुनाशकांना तो सहसा दाद देत नाही. ‘लेपर्ड गेको’ ही ठिपक्यांची पाल आपल्या जाड शेपटीत चरबी साठविते. या रोगात ती शेपटी काडीसारखी होते. परंतु वरून निरोगी दिसणारा प्राणीही हा परजीवी बाळगून असू शकतो. यास्तव नवा प्राणी निदान दोन-तीन महिने निराळ्या खोलीत ठेवावा आणि त्याची विष्ठा पशुवैद्याकडून तपासून घ्यावी.

कायद्याचे भानही आवश्यक आहे. घोरपड ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असून तिला पकडणे हा गुन्हा आहे. हिरवा इग्वाना हा विदेशी असला, तरी वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचीत येतो. म्हणून २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम यांनुसार तो बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे.

भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून १९७२ साली भिलाईत उभारलेल्या प्राणिसंग्रहालयाचे नाव ‘मैत्री बाग’ असे आहे. तथापि तेथेही वाघ आणि हरीण यांची आवारे निरनिराळीच आहेत. घरातील सरड्यांनाही तोच न्याय लागू करावा: एका पेटीत एकच जात. दुसऱ्या पेटीसाठी जागा वा पैसा नसेल, तर दुसरा प्राणी न आणणे हेच श्रेयस्कर.