चुकलं की पुन्हा पहिल्यापासून

'हाफ तिकीट' हा चित्रपट 1962 साली आला. त्यातलं 'आ के सीधी लगी दिल पे' हे द्वंद्वगीत किशोरकुमार यांनी एकट्यानेच गायलं आहे, पुरुषाच्या आवाजातही आणि बाईच्या आवाजातही. संगीत सलील चौधरींचं. बाईच्या ओळी लता मंगेशकर गाणार होत्या, पण त्यांना यायला जमलं नाही, आणि दोन्ही बाजू मीच गातो म्हणून किशोरकुमारांनी हट्ट धरला, असं सांगतात. माईकसमोर उभं राहून एकदा या बाजूला मान वळवायची, एकदा त्या बाजूला, आणि एका टेकमध्ये गाणं ओके, हा त्या कथेचा शेवट.

अशी ख्याती असलेली गाणी पुष्कळ आहेत. निवेदक ती कौतुकाने सांगतात, ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. पण या ख्यातीत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. गाणं पहिल्याच प्रयत्नात ओके होणं ही एक. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठेही न तोडता, सगळ्यांनी एकत्र गाऊन-वाजवून ते उतरणं ही दुसरी. पहिलीला तयारी लागते, थोडं नशीबही लागतं. दुसरी मात्र ध्वनिमुद्रण सुरू झाल्यापासून कित्येक दशकं जवळजवळ प्रत्येक गाण्याच्या वाट्याला आलेली आहे, कारण दुसरा मार्गच नव्हता. मला मोठी वाटते ती ही दुसरी गोष्ट, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

सुरुवात मेणापासून करायला हवी. नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा माईक नव्हता, वीजही लागत नव्हती. मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी गायचं, आवाजाच्या धक्क्याने कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाची सुई थरथरायची आणि फिरत्या मेणाच्या तबकडीवर रेघ कोरत जायची. वरचा स्वर जोरात लागला तर सुई उडायची, म्हणून गाणाऱ्याने तेवढ्यापुरतं डोकं मागे घ्यायचं. तबकडी सुमारे तीन मिनिटांत संपायची. मेणावर कोरलेलं लगेच वाजवून बघायची सोय नव्हती, कारण वाजवलं की ते खराब व्हायचं. चूक झाली तर तबकडी बाद, आणि नवी घेऊन पहिल्यापासून. गाण्याच्या शेवटी गौहरजान इंग्रजीत आपलं नाव सांगते ते अनेकांनी ऐकलं असेल. या मेणाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कारागिरांना कोणाचं गाणं कोणतं ते कळावं, म्हणून ही घोषणा.

तासन्‌तास राग फुलवणाऱ्या कलावंतांना या तीन मिनिटांचा किती जाच झाला असेल! तरीही अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांनी त्या एवढ्याशा जागेत जे करून ठेवलं, ते आजही विद्यार्थी घोकतात. आलाप कुठे आवरायचा, तान कुठे घ्यायची, समेवर येऊन थांबायचं कधी, हे सगळं आधी ठरवून घ्यावं लागे आणि गाताना मात्र ठरवल्यासारखं वाटू द्यायचं नाही. 1977 साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांचं गाणं, आणि ते या तबकड्यांच्या काळातलंच, म्हणजे न तोडता गायलेलं. केसरबाई ध्वनिमुद्रणाबाबत किती चोखंदळ होत्या हे त्यांच्या चाहत्यांना ठाऊक आहे. त्यांचं जे थोडं हाती लागलं, ते असं अखंड आहे.

1931 मध्ये 'आलम आरा' आला आणि गाण्याबरोबर कॅमेराही आला. पहिल्या बोलपटांत नट-नटी सेटवर अभिनय करता करताच गायचे, आणि वादक पडद्याआड, झाडाआड, चौकटीबाहेर कुठेतरी दडून बसायचे. 1932च्या 'अयोध्येचा राजा'तही गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे ही मंडळी स्वतःच गायली. मग 1935 मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव'पासून पार्श्वगायन आणलं. गाणं आधी मुद्रित करायचं, चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवायचं आणि नटाने ओठ हलवायचे. सोय मोठी होती.

त्याच न्यू थिएटर्समध्ये, ही सोय हाताशी असताना, 1938च्या 'स्ट्रीट सिंगर'साठी कुंदनलाल सैगल यांनी 'बाबुल मोरा' चालता चालता प्रत्यक्ष गायचं ठरवलं. फणी मजुमदार दिग्दर्शक, रायचंद बोराल संगीतकार. सैगल गळ्यात पेटी अडकवून रस्त्याने गात जाताहेत, कॅमेरा त्यांच्यासमोर सरकतो आहे, माईक चौकटीच्या बाहेर राहील इतक्या अंतरावरून त्यांच्याबरोबर नेला जातो आहे आणि साथीचे वादकही मागोमाग चालताहेत, असं या चित्रीकरणाचं वर्णन केलं जातं. इथे स्वर, ताल, पावलं, प्रकाश आणि माईकचं अंतर, यांतलं काहीही बिघडलं तरी सगळंच वाया. गाणं वाजिद अली शाहांचं, भैरवीतलं, घर सोडून निघालेल्या माणसाचं. ते चालणाऱ्या माणसाच्या श्वासात ऐकू यावं असं सैगलना वाटलं असावं. आज ते ध्वनिमुद्रण ऐकताना आवाज किंचित कमी-जास्त होतो तो या चालण्यामुळेच, अशी माझी समजूत आहे, आणि तो दोष कोणी दुरुस्त करू नये असं मला मनापासून वाटतं.

चाळीसच्या दशकात आवाज फिल्मवर प्रकाशाने उमटवला जायचा. फिल्म लॅबमध्ये धुऊन आल्याशिवाय तो धड ऐकताही यायचा नाही. ध्वनिरोधक स्टुडिओ अपुरे होते, त्यामुळे दिवसाचं चित्रीकरण आटोपल्यावर रात्री, खरखर नको म्हणून पंखे बंद करून, घामाघूम होत गाणी मुद्रित व्हायची. लताबाईंनी या दिवसांबद्दल पुष्कळ सांगून ठेवलं आहे. त्यातली 1949च्या 'महल'ची गोष्ट या विषयाच्या अगदी मर्मावर आहे. 'आयेगा आनेवाला'च्या सुरुवातीचा शेर लांबून येतो आहे आणि गाणारी हळूहळू जवळ येते आहे, असं वाटायला हवं होतं. आज हे काम एका खटक्याचं आहे. तेव्हा माईक खोलीच्या मध्यभागी ठेवला गेला आणि लताबाई दूर कोपऱ्यात उभ्या राहिल्या. गात गात एकेक पाऊल माईककडे टाकायचं, आणि मुखडा सुरू होण्याच्या नेमक्या क्षणी माईकपाशी पोचायचं. पाऊल लवकर पडलं तर आवाज आधीच मोठा होणार, उशीर झाला तर मुखडा हुकणार. हे जमेपर्यंत पुनःपुन्हा करावं लागलं. म्हणजे पहिल्या प्रयत्नाची बढाई इथे नाहीच. पण जे आपण ऐकतो ते एकाच खोलीत, एकाच वेळी, एका मुलीने चालत गायलेलं आहे. खेमचंद प्रकाश यांची ही चाल लोकांच्या ओठी बसली, पण तबकडीवर गायिकेचं नाव म्हणून चित्रपटातल्या पात्राचं, 'कामिनी' असं छापलेलं होतं.

पन्नासच्या दशकात चुंबकीय टेप आली. ऐकून बघता येऊ लागलं, गरज पडली तर कापून जोडताही येऊ लागलं. पण वाद्यवृंद मात्र फुगत गेला. शंकर-जयकिशन यांच्या गाण्याला साठ-सत्तर, कधी शंभरापर्यंत वादक असायचे. ताडदेवच्या फेमसमध्ये मिनू कात्रक, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत रॉबिन चटर्जी असे साउंड रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे बसलेले. माईक मोजकेच. मग आवाजाचा तोल साधायचा कसा? तर माणसांच्या जागा बदलून. ट्रम्पेट मागे, बासरी पुढे, ढोलक जरा बाजूला. आधी मॉनिटर, म्हणजे तालीम; ती मनासारखी झाली की लाल दिवा, आणि टेक. शेवटच्या अंतऱ्यात एका व्हायोलिनचा गज चुकीच्या तारेला लागला तरी शंभर जणांनी पुन्हा पहिल्यापासून. गायकानेही. तिसऱ्या-चौथ्या टेकनंतर आपल्यामुळे कट झाला, तर त्या वादकाची मान वर उठत नसेल.

एवढ्या माणसांचं एका दिवसात जुळायचं कसं, याचं उत्तर बरंचसं गोव्यात आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. ही मुलं मोठी होऊन मुंबईत आली, हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये आणि मग स्टुडिओत. समोर कागद ठेवला की ती वाचून वाजवायची, पाठ करायची गरज नव्हती. आपले संगीतकार चाल तोंडी सांगत, आणि सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे अरेंजर प्रत्येक वाद्याने काय वाजवायचं ते कागदावर लिहून देत. गोन्साल्विस माजोर्डे गावचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात ते नाव आलं ते त्या ऋणापोटी. हिंदी चित्रपटगीतांचा तो भरदार अखंड टेक या वाचणाऱ्या हातांशिवाय शक्यच नव्हता.

परदेशातल्या दोन-तीन गाण्यांचा उल्लेख इथे करायला हवा, कारण एका टेकच्या कथा तिकडून फार येतात. 11 फेब्रुवारी 1963 रोजी बीटल्सनी लंडनच्या अ‍ॅबी रोड इथल्या स्टुडिओत एका दिवसात दहा गाणी मुद्रित केली. 'ट्विस्ट अँड शाउट' मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते किंचाळून गायचं होतं आणि जॉन लेननला सर्दी झालेली होती. पहिला टेक झाला. दुसरा करून बघितला, पण आवाज उरलाच नव्हता. पहिलाच रेकॉर्डवर गेला. पुढच्या वर्षी 'द अ‍ॅनिमल्स'चं 'हाउस ऑफ द रायझिंग सन' असंच झटपट झालं. ते त्यांनी दौऱ्यात रोज वाजवून पक्कं केलेलं होतं. उलट एल्व्हिस प्रेस्लीचं 'हाउंड डॉग' घ्या. 1956च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये त्याचे एकतीस टेक झाले. तरीही बाजारात आलं ते गाणं पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत एकत्र वाजवलेलंच होतं. ते ऐकताना कोणालाही वाटू नये की ही माणसं कितीतरी वेळ तेच तेच करताहेत. माझ्या लेखी 'हाउंड डॉग'ची कामगिरी 'ट्विस्ट अँड शाउट'पेक्षा तसूभरही कमी नाही. आणि त्याच लेननच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'मध्ये, 1966च्या डिसेंबरात, सातवा आणि सव्विसावा असे वेगळ्या पट्टीतले, वेगळ्या लयीतले दोन टेक टेपचा वेग बदलून एकमेकांना जोडले गेले. सांधा पहिल्या मिनिटाच्या आसपास आहे. चार वर्षांच्या आत गाणं मुद्रित करण्याची रीतच पालटली.

आपल्याकडे ती सावकाश पालटली. 'पडोसन'च्या वेळी, म्हणजे 1968 मध्ये, 'एक चतुर नार'साठी मन्ना डे आणि किशोरकुमार समोरासमोर होते. तालमीत नव्हतं असं काहीतरी किशोरकुमारांनी मध्येच म्हटलं, मन्नाबाबू क्षणभर चमकले, पण थांबले नाहीत, अशी आठवण सांगितली जाते. शास्त्रीय बैठक असलेला गायक आणि उत्स्फूर्त गायक यांची ती झटापट एकत्र उभं राहिल्याशिवाय घडलीच नसती. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक ट्रॅकची यंत्रं मुंबईत येऊ लागली आणि ऐंशीच्या दशकात रुळली. ताल आज, व्हायोलिनं उद्या, गायक परवा. द्वंद्वगीत गाणारे दोघे भेटेनासे झाले. मग सिंथेसायझर आला आणि वादकांची संख्या झपाट्याने घटली. यातून नवं, चांगलं संगीतही पुष्कळ आलं. 'रोजा'ची 1992 सालची गाणी एकेक थर रचूनच उभी राहिली आहेत आणि ती मला अतिशय आवडतात. प्रत्येक काळ आपल्या हत्यारांनी काम करतो. पण एका खोलीत शंभर माणसं एकमेकांचं ऐकत वाजवत असताना जी एक सामाईक लय तयार होते, किंचित पुढे जाणारी, किंचित मागे रेंगाळणारी, ती थरांमधून मिळत नाही. जुन्या गाण्यात अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना ढोलक जरासा सरसावतो आणि सगळे त्याच्याबरोबर सरसावतात, तिथे कान देऊन बघावं.

या माणसांची नावं तबकडीवर नव्हती, चित्रपटाच्या श्रेयनामावलीतही बहुधा नसत. ग्रेगरी बूथ या अमेरिकन अभ्यासकाने मुंबईच्या कित्येक वादकांना भेटून, त्यांचं बोलणं टिपून 2008 मध्ये 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक काढलं, म्हणून हिंदीतलं थोडं तरी नोंदलं गेलं. मराठी भावगीतं, नाट्यपदं आणि चित्रपटगीतं अशीच एकत्र बसून वाजवली गेली, आकाशवाणीत आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत. संगीत संयोजक अनिल मोहिले 2012 मध्ये गेले. त्यांच्या पिढीतले जे वादक, सहायक आणि रेकॉर्डिस्ट अजून आहेत, त्यांच्याकडे जाऊन कोणत्या गाण्यात कोण वाजवत होतं, कोण कुठे बसलं होतं, कोणता टेक ओके झाला, हे विचारून लिहून घ्यायला हवं, आणि ते याच दोन-चार वर्षांत व्हायला हवं.